जावयानं विणलेली बाज

आधीच सांगून ठेवते, माझा जावयावर राग नाही. जावई म्हणजे नातजावई. मुलगा गुणी आहे, ताटात काही टाकत नाही, माझ्या नातीला जपतो. राग आहे तो माझ्या स्वतःच्या तोंडावर. हे तोंड एरवी कोणाचं ऐकत नाही. एसटीत कंडक्टरला गप्प करतं, गावात मला मागून रेडिओ म्हणतात तेही मला ठाऊक आहे. तेच तोंड नेमकं दोन दिवस शिवल्यासारखं मिटून राहिलं आणि त्यापायी माझ्या नातीच्या बाजेची झोळी झाली.

ही गोष्ट यंदाच्या कापूस वेचणीतली. नात पुण्याला नोकरी करते, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. वर्ध्याच्या दवाखान्यात पोटाला टाके घालून बाळंतपण झालं, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर पोरगी लोखंडी पलंगावर पडलेली, खाली रेक्झिनची गादी, पाठ घामानं ओली, आणि कूस बदलायची म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. माझा हात धरून म्हणाली, "आजी, घरी मले तुयी बाज देजो. त्या दिवाणावरून मले उठताच येनार नाई."

"भेटन नं माय, काऊन नाई भेटनार?" मी म्हटलं.

आता ही मुलगी कशी, तर जन्मात काही न मागणारी. लहानपणी यात्रेत नेली तरी फुगा मागायची नाही, नुसती बघत उभी राहायची. तिनं एक गोष्ट मागितली होती. आणि आठव्या दिवशी ती घरी येणार होती.

ज्यांनी बाज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडाची चौकट, चार पाय, आणि मधे दोरीचं विणकाम, बस. पण बाळंतिणीला तिच्यासारखं सुख नाही. खालून हवा लागते, पाठ ओली राहत नाही, उठताना बाजूची दांडी धरता येते आणि खालची दोरी आपल्याला थोडी उचलून देते. सकाळी दोघींनी धरून उन्हात न्यावी, ऊन चढलं की सावलीत. पूर्वी खाली शेगडीही ठेवायचो. पण दवाखान्यातल्या नर्सबाईंनी निखारे-धूर काही नको म्हणून बजावलं, तेव्हा शेगडी मी मनातून काढून टाकली. बाज मात्र काढली नाही.

बाज गोठ्यात भिंतीला उभी होती. चौकट बाभळीची, जशी होती तशी. दोरी मात्र उंदरांनी कुरतडून तिचा भुसा केलेला.

आमच्या गावात बाज विणणारे दोघं होते. एक वारले, दुसऱ्यांना मुलानं नागपूरला नेलं. तेव्हा मी सुनेला म्हटलं, टाक बाई तुमच्या त्या घरच्या ग्रुपवर, बाज विणायला कोणी हात लावायला येईल का म्हणून. तिनं टाकलं. संध्याकाळपर्यंत अंगठे आले, जोडलेले हात आले, एकानं आशीर्वाद पाठवले. माझा चुलतपुतण्या तीन घरं सोडून राहतो. त्याच्या ओट्यावरून हाक मारली तर मला ऐकू येते. त्यानं लाल बदाम पाठवला. मी सुनेला विचारलं, "हा बदाम बाजेच्या कोन्त्या पायाले बांधू?"

सून हसली नाही. तिला वेळच नव्हता. सून, म्हणजे नातीची आई, अंगणवाडी सेविका आहे. दिवसभर लेकरांची वजनं करायची, त्यांना जेवू घालायचं, आणि घरी आल्यावर तीच वजनं मोबाईलमध्ये भरायची. आमच्याकडे नेटवर्क म्हणजे जावयासारखं, आलं तर आलं. मग ही गच्चीवर हात उंच करून उभी. खालून मी हाक मारते, वरून ती "हो" म्हणते, आणि मी काय बोलले ते तिला ठाऊक नसतं. आम्ही दोघी एका घरात राहतो, पण आमची खरी भेट होते ती एखादीला ताप चढला तर. मुलगा तर वेचणीच्या दिवसांत अंधार पडल्याशिवाय वावरातून येत नाही.

तर अशात जावई आले. कामाची पेटी, म्हणजे तो लॅपटॉप, सोबत घेऊनच. दवाखान्यात रात्री राहायचं आणि दिवसा, नातीजवळ तिची मावशी असताना, घरी येऊन काम करायचं असं त्यांचं ठरलं होतं. बाजेचं ऐकलं आणि म्हणाले, "आजी, मी विणतो. सोपं असतं. व्हिडिओ आहेत."

आमच्याकडे जावयाला पाण्याचा पेला स्वतः भरू देत नाहीत. मुलगा म्हणाला, "राहू द्या जवाईबापू, कायले तरास?" पण ते ऐकेनात. वर्ध्याहून दोरी घेऊन आले. पांढरीशुभ्र, मऊ, सुताची. शोभेच्या वस्तूंच्या दुकानातली, फुलांच्या कुंड्या टांगायला असते तशी. मी हातात घेतली, ओढली. च्युइंगमसारखी लांबली. मी म्हटलं, "वा, काय मऊ हाये!"

खोटं बोलले मी. इथून सुरुवात झाली.

ओट्यावर बाज आडवी टाकली, मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. त्यात कोणी एक दाढीवाला बाप्पा उत्तरेकडचा, भराभर हिंदी बोलत एकटाच विणत होता. जावई थोडं बघायचे, थांबवायचे, दोरी घालायचे, परत मागे न्यायचे. व्हिडिओतल्या माणसाचा उजवा हात तो आपल्या डावीकडे दिसतो. त्यात जावयांची पहिली दुपार गेली. पण पोरगा चिकाटीचा. घाम पुसत होता, विणत होता. मी समोर लसूण सोलत बसले होते आणि एकेक पाकळी सोलताना एकेक शब्द गिळत होते.

कारण मला दिसत होतं. बाज पायथ्यापर्यंत विणत नाहीत. पायथ्याशी हातभर जागा मोकळी सोडतात. तिथे वेगळी दोरी घालून सगळं विणकाम पायाच्या दांडीकडे ताणून ठेवायचं. बाज सैल पडली की तीच दोरी ओढायची, पुन्हा बाज टणक. ती जागा नसेल तर ती बाज म्हणजे नाड्याशिवायचा परकर. आणि जावई तर थेट दांडीपर्यंत विणत चालले होते!

मी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारातून सुनेनं असे डोळे केले की मी उठून आत गेले.

"आत्याबाई, काही बोलू नोका. जवाई हायेत."

"अवं, पायथ्याले जागा नाई ठेवली त्यायनं!"

"राहू द्या. मंग पाहू."

"मंग काय पाहशीन, तोंड? पोरगी पडन नं त्याच्यात!"

"हळू बोला. दुपारपासून मरमर करून राह्यले ते. तुमी एक बोलसान, अन् तिकडं तिच्या सासूपर्यंत जाईन."

तिचंही खोटं नव्हतं. मी परत येऊन बसले. जावयांनी मान वर केली, कपाळावर घाम, चेहरा अगदी शाळेतल्या पोरासारखा, आणि विचारलं, "आजी, बरोबर चाललंय ना?"

"लयच छान," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाज झाली. दिसायला सुंदर, हे मी आजही नाकारणार नाही. पांढरी चौकडी, बघत राहावं अशी. फोटो ग्रुपवर गेला. मग काय विचारता! टाळ्या, फुलं, 'जावई असावा तर असा'. माझ्या चुलतपुतण्याचे या वेळी दोन बदाम. दवाखान्यातून नातीचा फोन, आवाजात आनंद मावेना, "आजी, बाज झाली नं वो!" मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

"आजी, पहिला मान तुमचा," जावई म्हणाले आणि मोबाईल माझ्यावर धरला. "बसा."

मी बसले. क्षणभर ठीक होतं. मग हळूहळू, बैल बसतो तशी, ती दोरी बसत गेली. माझे गुडघे वर आले, हनुवटीला लागले, आणि खाली ओट्याची थंड फरशी लागली. उठायला गेले तर आणखी आत. एक हात जावयांनी धरला, एक सुनेनं, आणि विहिरीतून घागर काढावी तशी मला बाहेर काढली. तेवढा सगळा वेळ मोबाईल चालूच होता. तो व्हिडिओ ग्रुपवर गेला नाही, एवढी त्या मुलाची माणुसकी.

सुनेला हसू आवरेना. मला मात्र पोटाला टाके असलेली पोरगी त्या खड्ड्यात दिसली, आणि माझं तोंड सुटलं.

"जवाईबापू, सोडा हे. सगळं सोडा. दोरी चुकीची, अन् पायथ्याले जागा नाई."

त्यांनी मोबाईल बंद केला. "आजी, तुम्हाला हे आधीच कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी जवाई."

"मी तिच्यासाठी विणत होतो, आजी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मला थप्पड बसल्यासारखं झालं. "मला मान काय करायचा होता? एक शब्द बोलला असतात तर माझे दोन दिवस वाचले असते."

मोबाईलला मी इतकी नावं ठेवते. पण मोबाईलनं त्याला जेवढं येत होतं तेवढं तरी सांगितलं. मी समोर बसून नुसता लसूण सोलला.

दवाखान्यात जायची त्यांची वेळ झाली होती. जाताना म्हणाले, "तुम्हाला येतं ना? मग तुम्ही विणून दाखवा, आई रेकॉर्ड करतील. मी रात्री बघून घेतो, उद्या आपण विणू." चांगलीच कल्पना होती. सुनेनं मोबाईल धरला, मी उरलेला पांढऱ्या दोरीचा तुकडा घेऊन दांडीशी बसले, आणि बसूनच राहिले. हात हलेना. दोरी खालून घ्यायची की वरून? दोन सोडायच्या की तीन? मला काही म्हणजे काही आठवेना.

"सांगा नं आत्याबाई, चालू केला मी."

"बंद कर ते! मले येते, पण आता येत नाई."

तिनं मोबाईल खाली घेतला. मला वाटलं, म्हातारीला विस्मरण झालं असं तिला वाटत असणार. मला स्वतःलाही क्षणभर भीती वाटली. चिडून मी आत गेले, चहा ठेवला, आणि चहा उकळताना लक्षात आलं. मी बाज कधी एकटीनं विणलेलीच नाही.

मला बाज विणायला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, आम्ही तर एकमेकांशी बोलतच नव्हतो. तेव्हा सुना सासऱ्यापुढे बोलत नसत. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी ते जुनी बाज ओट्यावर टाकायचे आणि खोकायचे. खोकले की मी समजायचं, समोर जाऊन बसायचं. पहिल्या वर्षी तर मी फक्त जुनी दोरी उसवली. ते तिकडून सोडायचे, मी इकडून ओढून घ्यायची. उसवता उसवता कळायचं, कुठली दोरी कुठून आली होती. मग नवी विणायची. पदराखालून मला त्यांचा चेहरा दिसत नसे. त्यांचे दोन हात आणि दांडीला लावलेला गुडघा, एवढंच. मी बरोबर दिलं की ते ओढायचे. चुकीचं दिलं की ओढायचेच नाहीत. दोरी तशीच ढिली पडून राहायची. ना ओरडणं, ना हं ना हूं. दोरी थांबली की माझी चूक. मग मी काढायची, दुसरीकडून घालायची, आणि तिकडून ओढ आली की जीव भांड्यात पडायचा. त्या माणसाशी मी जन्मात दहा वाक्यं बोलले नसेन. पण बाज विणताना त्यांना राग आलाय की हसू, हे मला दोरीत कळायचं.

म्हणजे समोर ओढणारं माणूस नसेल तर माझ्या हातांना काही ठाऊक नाही. एवढं वय झालं तरी मला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आर्वीला गेले. जवळच्या देवळीच्या दुकानांत आधी फोन करून विचारलं होतं, सगळीकडे नायलॉन. आर्वीत बैलांची दावी, कासरे विकणारा एक म्हातारा अजून अंबाडीची दोरी ठेवतो. अंबाडी म्हणजे तीच, जिची आपण भाजी खातो. तिच्याच खोडाच्या सालीतल्या धाग्यांची, वाखाची दोरी. तळहातावरून फिरवून बघितली, दातानं ओढून बघितली. तो म्हातारा म्हणाला, "बाज का, बाई? जोडीले कोनी हाये का?" मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. अख्ख्या ग्रुपमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

दोरी रात्रभर ओली करून ठेवली. आता नात यायला मधे एकच दिवस होता, आणि रविवार म्हणून जावई दवाखान्यातच थांबले होते. सकाळी मी बाज ओट्यावर टाकली, जावयांची पांढरी दोरी सोडायला काढली आणि सुनेला हाक मारली. ती मोबाईल कानाला लावूनच आली.

"समोर बस."

"आत्याबाई, मले येत नाई. अन् आज रविवार हाये, माह्या कालच्या नोंदी राह्यल्या."

"उसवता येते नं? बस."

तिनं मोबाईल मांडीजवळ ठेवला आणि बसली. आधी आम्ही जावयांचं सगळं सोडलं. मला हळहळ वाटली, किती निगुतीनं घातलं होतं. मग अंबाडीची दोरी सुरू केली. आणि काय सांगू, पलीकडून पहिली ओढ आली आणि माझे हात चालायला लागले. खालून, वरून, दोन सोडून. जणू कधी थांबलेच नव्हते.

सुनेचं मात्र चौथ्याच फेरीत चुकलं. मी ओढलं नाही.

"काय झालं?"

मी गप्प.

"अवं आत्याबाई, बोला नं! एरवी तर थांबत नाई!"

मी गप्पच. मला बोलता येईना असं नाही, पण शब्दांत सांगायला मलाही येत नव्हतं. ती वैतागली, दोरी काढली, घातली, परत चूक, परत काढली. "हे काय शिकवनं झालं का? मी लेकरायले असं शिकवलं तर मायबाप माह्या घरावर येतीन." तिसऱ्यांदा बरोबर घातली. मी ओढली. ती नुसती "हं" म्हणाली.

मग मोबाईल वाजला. तिचा हात तिकडे गेला आणि दोरी माझ्या हातात मेल्यासारखी सैल पडली. तिनं बघितलं, ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा दोरी सैल. चौथ्या वेळी माझा पारा चढला, मी दोरी खाली टाकून म्हटलं, "त्याच्यासंगंच विण मंग!"

तिलाही राग आला. "मी हौसेनं घेतो का तो हातात? नाई भरलं तर मलेच बोलतेत. तुमाले वाटते मी खेळून राह्यलो. दिवसभर मी लेकरंच पाहतो, आत्याबाई. संध्याकाळी तेच लेकरं मोबाईलात घालाले लागते."

हे ती मला पहिल्यांदा सांगत होती. कदाचित गच्चीवरून सांगितलंही असेल, मी खालून ऐकलं नसेल. मी दोरी उचलली. जरा वेळानं तिनं मोबाईल उचलून आत नेऊन पिठाच्या डब्यावर ठेवला, आणि येऊन बसली. दुपारपर्यंत तो डबा आतून वाजत राहिला.

दुपारी जेवायला उठलो नाही. बोललोही फार नाही, आणि हे मी लिहितेय म्हणजे विश्वास ठेवा. तिच्या बोटांना फोड आले. एका ठिकाणी चौकडी एका दोरीनं सरकली आहे, ती अजून तशीच आहे, दोघींनाही सोडायचा धीर नव्हता. पायथ्याशी हातभर जागा ठेवली, ताणायची दोरी घातली, आणि ऊन उतरता उतरता मी बाजेवर बसले. बाज कुरकुरली आणि मला वर धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी नात आली. दांडी धरून एकटीच बसली, एकटीच आडवी झाली, पाय लांब केले आणि लेकराला कुशीत घेऊन झोपली. "काय म्हणते बाज?" असं मी विचारायला गेले तर उत्तराऐवजी घोरणं. मागितलेलं मिळालं होतं, आणखी काय हवं.

पण नवी दोरी पहिल्या रात्री सैल पडतेच. सकाळी नातीला उठवून खुर्चीत बसवली आणि बाज ताणायला घेतली. सून पायथ्याशी बसली, गुडघा दांडीला लावला, दोरी ओढली, गाठ आवळली आणि बोटाच्या पेरानं दांडीवर दोनदा टकटक केलं.

मी चमकले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, असंच करायचे. ताण नीट बसला की दांडीवर दोन टकटक. "हे तुले कोनं सांगतलं?"

"कोनं म्हणजे? तुमीच तर करून राह्यल्या होत्या काल."

मला ठाऊकच नव्हतं मी करते म्हणून.

तेवढ्यात जावई आले. बाह्या वर सारून समोर बसले. "आजी, आता मला शिकवा. पंधरा दिवसांनी पुन्हा सैल होईल तेव्हा मी ताणीन." मी दोरीचं टोक त्यांना दिलं. त्यांनी दांडीच्या वरून घेतलं.

"जवाईबापू, चूक," मी म्हटलं. सुनेनं डोळे मोठे केले.

"कुठे?"

मी काही बोलले नाही. ओढलंही नाही. त्यांनी दोरीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि खिशातला वाजणारा मोबाईल तसाच वाजू देत दोरी काढून खालून घातली.